नवीन शहरात 'जेवण झालं का?' विचारणारं कुणी आहे?

ऑफर लेटर येतं, पेढे वाटून होतात, बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये लोणच्याची बरणी बसवली जाते आणि आपण निघतो. कुणी अकोल्याहून, कुणी सांगलीहून, कुणी इंदूर नाहीतर वडोदऱ्याच्या मराठी घरातून. पहिले पंधरा दिवस मजेत जातात. नवीन ऑफिस, नवीन रस्ते, स्टेटसला रोज एक फोटो. मग तिसऱ्या आठवड्यातला रविवार येतो. दुपारचे चार वाजलेले असतात, खोलीत पंखा फिरत असतो, फोनची बॅटरी फुल असते आणि 'चल ना, चहाला जाऊ' असं ज्याला म्हणता येईल असं अख्ख्या शहरात कुणी नसतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा रविवार माहीत असेल. ज्यांना माहीत नाही, त्यांच्या घरातली एखादी मुलगी, भाचा किंवा नातू कदाचित आत्ता त्यातून जात असेल.

मी जळगावची. कंटेंट रायटरची नोकरी मिळाली म्हणून तीन वर्षांपूर्वी बंगळुरूला आले. त्यामुळे आजच्या सदरातली उदाहरणं बंगळुरूची आहेत. तुमचं शहर हैदराबाद, चेन्नई, गुरुग्राम किंवा पुणे असेल, तर नावं बदला, बाकी बरंचसं तेच राहील.

'सेटल होणं' म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर आता अगदी साधं आहे. तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत, तर ज्यांच्या लक्षात येईल अशी चार माणसं त्या शहरात झाली की तुम्ही सेटल झालात. पगार, फ्लॅट, गाडी हे नंतर. घर कुठे घ्यायचं, भाषा शिकायची की नाही, बसने जायचं की कॅबने, हे सगळे निर्णय याच एका प्रश्नाला धरून घेतले तर सोपे होतात. कसे, ते एकेक करून बघू.

घर निवडताना संध्याकाळही मोजा

घर शोधताना आपण सगळ्यात आधी भाडं बघतो. ते बरोबरच आहे. पण ऑफिसपासून लांब, तीन हजारांनी स्वस्त खोली घेतली आणि रोज जाऊन-येऊन तीन तास ट्रॅफिकमध्ये गेले, तर काय होतं? रात्री साडेआठला खोलीवर पोहोचायचं, मिळेल ते खायचं आणि झोपायचं. शेजारी कोण राहतं हे सहा महिने कळत नाही. वाचलेले तीन हजार महिनाअखेरीस कॅब आणि बाहेरच्या जेवणात निघून जातात, ते वेगळंच.

म्हणून पहिले तीन महिने ऑफिसच्या जवळ, चालत किंवा एका बसने जाता येईल अशा ठिकाणी पीजीत राहा. शहर कळायच्या आधी फ्लॅटच्या करारात अडकू नका. पीजी बघायला एकदा सकाळी नऊला आणि एकदा रात्री आठला जा. सकाळी बाथरूमची रांग कळते, रात्री गल्लीतले दिवे आणि वर्दळ कळते. तिथे राहणाऱ्या एखादीला किंवा एखाद्याला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचारा. पाणी चोवीस तास असतं का? रविवारी रात्री जेवण मिळतं का? सोडताना डिपॉझिटमधून किती कापतात? मालकापेक्षा खरी उत्तरं तिथेच मिळतात.

पाण्याचा प्रश्न बंगळुरूत फार महत्त्वाचा. या शहराला कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून आणावं लागतं. ते सगळ्या वस्त्यांना पुरत नाही, त्यामुळे अनेक इमारती बोअरवेल आणि टँकरवर चालतात. २०२४च्या उन्हाळ्यात तर पाण्याच्या टंचाईची बातमी देशभर झाली होती. म्हणून इथे घर बघताना सरळ विचारा, 'कावेरीचं पाणी आहे की बोअरचं?' बोअरचं पाणी जड असलं तर केस आणि कपडे दोन्ही तक्रार करायला लागतात.

करारातल्या ओळी वाचाच

तीन-चार महिन्यांनी मैत्रिणींबरोबर किंवा मित्रांबरोबर फ्लॅट घ्यायचं ठरलं, तर मोठा धक्का बसतो तो डिपॉझिटचा. बंगळुरूत दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागायची जुनी रीत आहे. समजा भाडं १५ हजार, तर दीड लाख रुपये हातात हवेत. अलीकडे बरेच मालक त्याहून कमी घ्यायला तयार होतात, म्हणून बोलून बघायला लाजू नका. केंद्र सरकारने २०२१मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट सुचवलं आहे. पण तो नमुना कायदा आहे. राज्याने स्वतः तसा कायदा केला तरच तो तिथे लागू होतो. त्यामुळे 'कायदा दोन महिन्यांचा आहे' असं मालकाला ऐकवून उपयोग होईलच असं नाही. करारात काय लिहिलंय, यावर तुमचे पैसे अवलंबून असतात.

करार अकरा महिन्यांचाच का असतो, हा प्रश्न मलाही पडला होता. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून बहुतेक मालक अकरा महिन्यांवर थांबतात. महाराष्ट्रात गोष्ट वेगळी आहे. तिथे लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. पुण्या-मुंबईत राहून आलेल्यांना इथला नुसता स्टँप पेपरवरचा करार बघून शंका येते, ती यामुळे.

सही करण्याआधी या गोष्टी करारात शोधा. नोटीस किती दिवसांची? मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा? घर सोडताना रंगासाठी किती कापणार? बंगळुरूत रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत सर्रास आहे. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हेही लिहून घ्या. आणि किल्ली हातात आल्यावर सामान लावायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. भिंतीवरची ओल, तुटकी कडी, गळका नळ, सगळं. तो त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका मुलीला घर सोडताना आधीपासून तडकलेल्या वॉशबेसिनचे पैसे मागितले गेले. तिने पहिल्या दिवशीचा व्हिडिओ दाखवला आणि विषय संपला.

फ्लॅटमध्ये गॅसचं कनेक्शन मिळेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर काम होतं. तुम्हाला साधा वरण-भात स्वतः करता आला, की शहर निम्मं सोपं होतं. आणि शेजारच्या दारात वाटीभर काही नेऊन द्यायची सोयही होते.

'कन्नड गोत्तिल्ला'च्या पुढे जाऊ या

बंगळुरूत येणारा प्रत्येक जण पहिलं कन्नड वाक्य शिकतो ते हेच, 'कन्नड गोत्तिल्ला'. म्हणजे कन्नड येत नाही. आणि बरेच जण पाच वर्षं तिथेच थांबतात. ऑफिसात इंग्रजी चालतं, डिलिव्हरीवाल्याशी हिंदी चालतं, मग कशाला शिकायचं?

थोडं उलटं करून बघू. पुण्यात दहा वर्षं राहूनही 'किती झाले' एवढंसुद्धा मराठीत न विचारणाऱ्या माणसाबद्दल आपल्या घरात काय बोललं जातं? तेच इथल्या लोकांना आपल्याबद्दल वाटत असणार. भाषा शिकायची ती भांडण टाळायला नाही. भाषेशिवाय आपण कायम ग्राहकच राहतो, शेजारी होत नाही, म्हणून शिकायची.

आपल्याला तर ही भाषा अनोळखीही नाही. 'अण्णा' आणि 'अक्का' दोन्हीकडे आहेत. आपलं तूप इथे 'तुप्पा' आहे. थोडंसं म्हणजे 'स्वल्प'. आपला गुढीपाडवा त्यांचा उगादी, दिवस तोच. पंढरपूरच्या विठ्ठलाला आपल्या संतांनी कानडा म्हटलं आणि इकडच्या पुरंदरदासांनी आपल्या कन्नड पदांत 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा वापरली. इतिहासात मागे गेलं तर १६३८मध्ये बंगळुरू आदिलशाहीकडे आलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. म्हणजे नोकरीनिमित्त बंगळुरूला येऊन राहणारे मराठी लोक आपण पहिले नाही!

सुरुवातीला एवढे शब्द पुरतात. 'एष्टु' म्हणजे किती. 'बेकु' म्हणजे हवं, 'बेडा' म्हणजे नको. 'इल्ली निल्लिसि' म्हणजे इथे थांबवा, रिक्षात रोज लागतं. हत्तु दहा, इप्पत्तु वीस, ऐवत्तु पन्नास, नूरु शंभर. आणि 'गोत्तिल्ला' म्हणायच्या ऐवजी म्हणा, 'ननगे कन्नड स्वल्प स्वल्प बरत्ते'. मला थोडं थोडं कन्नड येतं. या एका वाक्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. मग तो तुम्हाला पुढचा शब्द शिकवायला लागतो.

आणि एक वाक्य मला सगळ्यात आवडतं. 'ऊटा आयता?' जेवण झालं का? आपल्याकडे शेजारच्या काकू दारातून विचारतात तेच, त्याच सुरात. भूक आहे का हे विचारण्यासाठी ते नसतं. 'तू मला दिसलीस, मी तुझी दखल घेतली', हे सांगण्यासाठी असतं. ज्या दिवशी हे वाक्य तुम्हाला कुणी आपणहून विचारेल, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बस, मेट्रो आणि नवा पत्ता

शहर कॅबच्या काचेतून कळत नाही. पहिल्या महिन्यात शक्य तेवढं सार्वजनिक वाहनाने फिरा. बंगळुरूची मेट्रो २०११मध्ये एका छोट्या टप्प्याने सुरू झाली. आज जांभळी मार्गिका पूर्वेच्या व्हाइटफील्डपासून पश्चिमेच्या चल्लघट्टापर्यंत जाते, हिरवी मार्गिका उत्तर-दक्षिण धावते आणि दोन्ही मॅजेस्टिकला भेटतात. ऑगस्ट २०२५पासून पिवळी मार्गिका आर. व्ही. रोडहून इलेक्ट्रॉनिक सिटीमार्गे बोम्मसंद्रापर्यंत जाते. घर शोधताना हा नकाशा समोर ठेवा. मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचं थोडं महाग घरसुद्धा शेवटी परवडतं.

कर्नाटकात जून २०२३पासून 'शक्ती' योजनेत राज्यात राहणाऱ्या महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येतो. त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं. इथे दीर्घकाळ राहायचं ठरलं असेल, तर आधारवरचा पत्ता बदलण्याचा विचार करा. बँकेतला पत्ताही त्याच वेळी बदला, नाहीतर नवीन एटीएम कार्ड जळगावला आणि तुम्ही बंगळुरूला! मतदार यादीतलं नाव नव्या पत्त्यावर आणायला फॉर्म ८ भरावा लागतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण आपण ज्या वॉर्डात राहतो तिथे आपलंही मत आहे, याने चालण्यात फरक पडतो.

गावी जायच्या तिकिटाचंही आताच ठरवा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं. गणपती, दिवाळीच्या तारखांपासून ६० दिवस मागे मोजा आणि फोनमध्ये अलार्म लावा. सणाला घरी जायचं नक्की आहे, हे माहीत असलं की मधले दिवस कमी जड जातात.

एकच दुकान, एकच वेळ

आता त्या चार माणसांबद्दल. ती कुठून आणायची?

मोठ्या शहरात मैत्री व्हायला गप्पिष्ट असावं लागतं, पार्ट्यांना जावं लागतं, असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी, त्याच वेळी दिसत राहिलं की ओळख आपोआप होते. रोज वेगळ्या ॲपवरून दूध मागवू नका, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणा. रोज वेगळं कॅफे शोधू नका.

बंगळुरूत गल्लोगल्ली 'दर्शिनी' आहेत. उभ्याने इडली-वडा खायचा, स्टीलच्या छोट्या पेल्यात फिल्टर कॉफी घ्यायची आणि कामाला जायचं. दोघांत एक कॉफी हवी असेल तर 'बाय-टू' म्हणायचं. एकच दर्शिनी निवडा आणि तीन आठवडे रोज साडेआठला जा. दुसऱ्या आठवड्यात काउंटरवरचे अण्णा तुम्हाला बघून कुपन फाडायला लागतील. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही एक दिवस चुकवलात, तर दुसऱ्या दिवशी विचारतील, 'काल आला नाहीत?' बघा, एक माणूस झाला.

हेच बागेत. सकाळी फिरायला जायची एक वेळ धरा. शनिवारी कब्बन पार्कमध्ये 'कब्बन रीड्स'चे लोक सतरंज्या टाकून गप्प बसून आपापलं पुस्तक वाचतात. बोलायचं दडपण नाही, तरी एकटंही नाही. लाजाळू माणसांसाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. लालबागेत दर वर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास फुलांचं प्रदर्शन भरतं. पीजीतल्या ज्या मुलीशी फक्त 'हाय' होतं, तिला विचारा, 'येतेस का?' निमित्त असलं की विचारणं सोपं जातं.

आपल्या भाषेची माणसंही शोधा. गांधीनगरमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे. देशातल्या बऱ्याच मोठ्या शहरांत अशी मंडळं आहेत. गणपतीत तिथे गेलात, तर आरतीला टाळ्या वाजवताना घशात काहीतरी दाटून येईल, त्याची लाज वाटू देऊ नका. फक्त सगळा वेळ मराठी ग्रुपमध्येच घालवू नका, नाहीतर शहर बाहेरच राहतं. चारपैकी दोन माणसं आपल्या भाषेची आणि दोन त्या शहराची असावीत, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

आजारपण सांगून येत नाही

ही गोष्ट माझ्या पीजीतली आहे. माझ्या शेजारच्या खोलीत लातूरहून आलेली एक मुलगी होती. येऊन दोन महिने झाले होते. सप्टेंबरचे पावसाळी दिवस, तिला ताप आला. पहिल्या दिवशी गोळी घेऊन झोपली. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, तर म्हणाली, 'थोडी सर्दी आहे गं.' ऑफिसला मेसेज टाकला. तिची रूममेट गावी गेली होती. आम्ही बाकीच्या सकाळी निघून रात्री यायचो. तिचं दार बंद असायचं आणि ऑफिसच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

लक्षात आलं ते स्वयंपाकाच्या अक्कांच्या. ती मुलगी रोज ताट परत ठेवताना त्यांना 'ऊटा चेन्नागित्तु' म्हणायची. जेवण छान होतं. तिला येणारं ते एकमेव कन्नड वाक्य. दोन दिवस ते ऐकू आलं नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का तीन मजले चढून वर आल्या आणि दार वाजवलं. आम्ही तिला रिक्षाने दवाखान्यात नेलं तेव्हा तिला नीट उभं राहता येत नव्हतं. डेंग्यू निघाला, प्लेटलेट्स बऱ्याच उतरल्या होत्या. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर काय, यावर डॉक्टर फार काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

भरती करताना फॉर्मवर एक रकाना होता, 'पेशंटसोबतच्या नातेवाईकाचं नाव'. आम्ही एकमेकींकडे बघितलं. अक्कांनी पेन मागितलं आणि कन्नडमध्ये स्वतःचं नाव लिहिलं. नात्याच्या जागी काय लिहू, असं त्यांना काउंटरवर विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'अक्का'.

ती मुलगी बरी झाली. तिची आई दुसऱ्या दिवशी पोहोचली. मी मात्र त्या आठवड्यात माझी तयारी करून टाकली. तुम्हीही करा.

ऑफिसच्या आरोग्य विम्याचं ई-कार्ड फोनमध्ये सेव्ह करा आणि घराजवळचं कोणतं हॉस्पिटल त्यात आहे ते आत्ताच बघून ठेवा. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल, तर कंपनी तुमचं ईएसआयसी कापते का ते पगाराच्या पावतीत बघा. कापत असेल तर जवळचा ईएसआयसी दवाखाना शोधून ठेवा. फोनच्या लॉक स्क्रीनवर दिसेल अशी इमर्जन्सी माहिती भरा, त्यात घरचा एक आणि शहरातला एक असे दोन नंबर द्या. थर्मामीटर, ओआरएस आणि पॅरासिटामॉल खोलीत असू द्या. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरकडे जाच. आणि पीजीत किंवा इमारतीत एका कुणाशी तरी ठरवून टाका, 'मी दोन दिवस दिसले नाही तर दार वाजव, तू दिसली नाहीस तर मी वाजवेन.'

तातडीच्या मदतीसाठी देशभर ११२ हा नंबर चालतो, महिलांसाठी १८१ आहे.

फोनवरचं 'सगळं मस्त आहे'

त्या मुलीने आईला 'थोडी सर्दी' का सांगितलं? कारण आपण सगळेच तसं सांगतो. 'जेवलीस का?' 'हो.' 'झोप होते का?' 'हो गं.' 'करमतं का?' 'मस्त आहे सगळं.' घरच्यांना काळजी नको, शिवाय 'मग ये परत' असं ऐकायची भीती. आपण हट्टाने आलेलो असतो ना!

पण सगळं लपवलं की एकटेपणा दुप्पट होतो, कारण आता घरीसुद्धा खरं बोलता येत नाही. माझा उपाय असा, आठवड्यातून एक खरी गोष्ट सांगायची. मोठी असायला हवी असं नाही. 'आज डबा अजिबात आवडला नाही', 'काल रात्री रडू आलं, का ते कळलं नाही'. आणि त्याला एक वाक्य जोडायचं, 'मला फक्त सांगायचं होतं, काही करू नकोस.' आईलासुद्धा हे ऐकून बरं वाटतं. खोटं 'मस्त' तिला तसंही कळतच असतं.

थोडं उदास वाटणं वेगळं आणि दोन-तीन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष सगळंच उडणं वेगळं. तसं होत असेल तर 'नवीन शहर आहे, होईल सवय' म्हणून सोडून देऊ नका. 'टेली मानस' ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते. ती ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. तिचं देशभरातलं काम बंगळुरूच्या निम्हान्सच्या मार्गदर्शनाखाली चालतं. नाव, पत्ता द्यायचं दडपण नको, फक्त फोन लावा.

आणि सगळं करूनही सहा-आठ महिन्यांनी जमत नसेल, तर परत जाणं किंवा दुसरं शहर निवडणं हा पराभव नाही. फक्त तो निर्णय रविवारी दुपारी चार वाजता घेऊ नका. बुधवारी सकाळी, पोटभर नाश्ता करून घ्या.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी

हे सदर घरातले मोठेही वाचतात, म्हणून दोन शब्द तुमच्याशी.

मुलाला किंवा मुलीला रोज दहा वेळा फोन करू नका. एकदा करा, पण घाईत नको. 'काय खाल्लं?' या प्रश्नाला 'पोळी-भाजी' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, 'आज कुणाबरोबर जेवलीस?' एकाच उत्तरात तुम्हाला बरंच कळेल. सलग पंधरा दिवस उत्तर 'एकटीच' असेल, तर एक चक्कर मारून या. सल्ले द्यायला येऊ नका. चार दिवस राहा, तिच्या दर्शिनीत कॉफी प्या, तिच्या अक्कांना भेटा.

त्या अक्कांसाठी येताना घरचे लाडू आणा. तुम्हाला कन्नड येत नाही आणि त्यांना मराठी येत नाही, याने काही अडत नाही. आणि मुलाच्या रूममेटचा, पीजीच्या मालकांचा आणि ऑफिसातल्या एकाचा, असे तीन नंबर तुमच्याकडेही असू द्या. वापरायची वेळ न येवो, पण असू द्या.

या आठवड्यात एवढंच करा

नवीन शहरात नुकतेच आला असाल, तर सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात तीनच गोष्टी करा. रोज चहा-कॉफीसाठी एक जागा आणि एक वेळ ठरवा. तिथल्या भाषेत 'जेवण झालं का?' कसं म्हणतात ते शिका. आणि ते एका माणसाला विचारा. वॉचमन, इस्त्रीवाले, पीजीतली आचारीण, शेजारच्या आजी, कुणीही चालेल. उत्तर समजलं नाही तरी हसून मान हलवा.

आणि तुम्ही त्या शहरात जुने झाला असाल, तर बघा, तुमच्या मजल्यावर, तुमच्या ऑफिसात कुणीतरी नुकतंच आलं असेल. तुमच्या शहरात मराठी शिकू पाहणारा एखादा कन्नड, तमिळ किंवा आसामी मुलगासुद्धा असेल. त्याच्या रविवारचे चार वाजायच्या आत त्याला हाक मारा. जेवण झालं का, एवढंच विचारा.